खोकला नसलेला क्षय

सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते. तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं, हे जुन्या माणसांना अजून आठवतं. टीबी म्हटलं की आजही आपल्यापुढे खोकणारा, खंगलेला माणूसच उभा राहतो. पण मानेवरची न दुखणारी गाठ, महिनोन्महिने न हटणारी पाठदुखी, पोटात साठणारं पाणी, यांच्यामागेही तोच जंतू असू शकतो. पूर्वी गंडमाळ म्हणत ती पुष्कळदा ही मानेवरची गाठच.

जंतू शिरतो श्वासातूनच. फुप्फुसातल्या पेशी त्याला गिळतात. मारणं जमलं नाही तर भोवती आणखी पेशी गोळा होतात आणि बांध घातल्यासारखा त्याला कोंडून ठेवतात. हा बांध राखायला सीडी-४ नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी आणि टीएनएफ नावाचं प्रथिन लागतं. एचआयव्ही सीडी-४ पेशीच संपवतो. संधिवातावरची काही इंजेक्शनं टीएनएफ अडवतात. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, मधुमेह, डायलिसिस यांनीही बांध कमकुवत होतो. तो खचला की जंतू रक्तातून मणक्यात, आतड्यात, मेंदूच्या आवरणात, कुठेही पोचतो. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या टीबी रुग्णांपैकी साधारण 15 ते 20 टक्क्यांना तो फुप्फुसाबाहेर होतो. एचआयव्ही असलेल्यांत हेच प्रमाण वाढून निम्म्याच्या वर जातं.

निदानाचा घोळ इथेच होतो. मांटू चाचणीत, म्हणजे टीबीसाठी हाताच्या कातडीत सुई टोचून करतात त्या चाचणीत, उठणारी गाठ ही आपल्याच प्रतिकारशक्तीची खूण. लढणाऱ्या पेशी कमी पडल्या की ती उठतच नाही. बेडक्यात जंतू नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणून निर्धास्त होणं मला फार धोक्याचं वाटतं. रोग जिथे, नमुना तिथलाच हवा: गाठीत सुई घालून, मणक्याजवळचा पू काढून, मेंदूच्या आवरणाचा असेल तर पाठीच्या कण्यातलं पाणी काढून. त्यावर सीबीनॅट, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी करता येते.

औषधं साधारण सहा महिने चालतात, हाडांच्या आणि मेंदूच्या टीबीत जास्त. त्यात एक गोष्ट घरच्यांना हमखास घाबरवते. टीबीच्या गोळ्यांपाठोपाठ एचआयव्हीची औषधं सुरू झाली की कधी कधी गाठी उलट वाढतात, ताप परततो. औषध लागू पडत नाही असं वाटून गोळ्या सोडल्या जातात. खरं तर बहुतेक वेळा ती परतलेल्या प्रतिकारशक्तीची चढाई असते. डॉक्टर तपासून खात्री करतात, गरज पडली तर सूज उतरवणारं औषध देतात, गोळ्या सहसा चालूच ठेवतात. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर मात्र एचआयव्हीची औषधं मुद्दाम काही आठवडे थांबून देतात, कारण कवटीच्या आत सुजायला जागाच नसते.