डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही

कपाटात डांबरगोळ्या टाकल्या की पावसाळ्यात कपड्यांना बुरशी लागत नाही, असं रत्नागिरी-सिंधुदुर्गात अनेक घरांत मानतात. ते खरं नाही. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनच्या वाफेने कसर पळते, ओलावा जात नाही. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की बुरशी धरू लागते, आणि किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता बहुधा ८० च्या वरच. मग गणपतीत कपाट उघडलं की काळे ठिपके दिसतात, धडधाकट साडी बाद होते आणि नवी खरेदी ठरते.

मिरगाआधी सुती कपडे धुऊन उन्हात कडक वाळवा. स्टार्च नको, तेच बुरशीचं खाद्य. इस्त्रीनंतर पूर्ण गार झाल्यावरच घडी आत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, त्यापेक्षा जुनं सुती धोतर गुंडाळा. चिऱ्याची भिंत ओल धरते, म्हणून कपाट चार बोटं पुढे ओढा.

ठिपके आलेच तर कपडा अंगणात नेऊन आधी कोरडाच ब्रशने झटका. पांढरा सुती असेल तर मग ऑक्सिजन ब्लीचच्या (क्लोरीन नसलेल्या ब्लीचच्या) कोमट पाण्यात भिजवा. रेशमाला ब्लीच नकोच.

आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीही ठेवू नका. काही बाळांत तिच्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.