‘मला काही झालेलं नाही’

१८७३ साली पॅरिसच्या चार्ल्स लासेग या डॉक्टरांनी एका विचित्र आजाराबद्दल लिहिलं. तरुण मुली हळूहळू जेवण तोडत जातात, अंगावरचं मांस झडतं, आणि विचारलं तर शांतपणे सांगतात की मला काही त्रास होत नाही, म्हणजे मी ठणठणीत आहे. लासेग यांचं लक्ष मुलींइतकंच त्यांच्या घरच्यांकडेही होतं. कुटुंबाच्या भात्यात दोनच बाण असतात, विनवण्या आणि धमक्या, आणि दोन्ही संपेपर्यंत ते सोडले जातात, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

दीडशे वर्षांत भाता तोच राहिला. ‘एवढा एक घास, माझ्यासाठी’ हा पहिला बाण. ‘ताट संपलं नाही तर उद्यापासून क्लास बंद, मोबाईल बंद’ हा दुसरा. दोन्ही वाया गेले की तिसरा माणूस मध्ये पडतो, बहुधा एखादी मावशी, आणि म्हणते, ‘वय आहे गं, होईल आपोआप ठीक.’

लासेग लिहीत होते त्याच वर्षी लंडनमध्ये डॉक्टर विल्यम गल यांनीही असेच रुग्ण मांडले आणि या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं. अशा रुग्णांची सेवा करायला नातेवाईक आणि मित्रांइतकं वाईट माणूस नाही, असं त्यांचं मत होतं. पुढे शंभरेक वर्षं घरच्यांच्या वाट्याला एकतर दोष आला, नाहीतर दाराबाहेरचा बाक. गल यांची निरीक्षणं बारीक होती, पण या एका वाक्याने फार नुकसान केलं असं माझं मत आहे.

विनवण्या आणि धमक्या का चालत नाहीत, हे समजायला उपाशी मेंदूकडे पाहावं लागतं. त्याचा सगळ्यात चांगला पुरावा आजारी नसलेल्या माणसांकडून मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ तरुण पुरुषांवर प्रयोग केला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लढायला नकार दिलेले हे धडधाकट स्वयंसेवक होते. युद्धानंतर उपासमारीतून वाचलेल्यांना परत खातंपितं कसं करायचं, हे शोधायचं होतं. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांचा आहार जवळपास निम्म्यावर आणला गेला. वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलं.

वजनापेक्षा मनाचं जे झालं ते चकित करणारं होतं. या पुरुषांनी पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. एकेक घास चिवडत जेवण तासन् तास लांबवलं. ताटं चाटली. ऐन जुलैत त्यांना थंडी वाजायची. मित्र नकोसे झाले, चिडचीड वाढली, काही जण खोल नैराश्यात गेले. यातल्या कुणालाही जाड होण्याची भीती नव्हती, आरशाशी भांडण नव्हतं. ज्याला आपण मुलीचा ‘हट्ट’ किंवा ‘स्वभाव बदलला’ म्हणतो, त्यातलं बरंचसं निव्वळ उपासमारीचं काम असतं.

म्हणून ‘आधी तिला स्वतःला पटू दे, मग उपचार’ हा क्रम बऱ्याचदा उलटा पडतो. पटवून घेणारा अवयवच उपाशी असतो. शरीर थोडं भरल्यावर समज परत येते, आधी नाही.

त्यात भर म्हणजे हा आजार रुग्णाला आजार वाटतच नाही. दाढ दुखली की माणूस दाढेला वैरी मानतो. अ‍ॅनोरेक्सियात मात्र भुकेवर मिळवलेला ताबा ही आपली एकमेव कमाई वाटते. सगळं हातातून निसटत असताना हे एक जमतंय, अशी भावना असते. उपचार म्हणजे ती कमाई काढून घेणं. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाणं आणि मग ते शरीराबाहेर काढण्याची धडपड या चक्रात, भावना वेगळी असते. तिथे शरम असते, आणि शरमेपोटी लपवाछपवी. वजन बहुधा सर्वसाधारणच असल्याने घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, कधीकधी आधी दातांच्या डॉक्टरांना लागतो, कारण पोटातल्या आम्लाने दातांवरचं कवच झिजतं.

आपल्याकडे लपायला जागाही भरपूर. संकष्टी, गुरुवार, श्रावणातले सोमवार, मग हळूच ‘आजपासून फक्त फळं’. लग्नात भेटलेली प्रत्येक काकू ‘किती छान बारीक झालीस, काय केलंस गं?’ म्हणून पाठ थोपटते. आणि ‘जाड होईन’ हे वाक्य कानावर पडलं नाही की घरचे निश्चिंत होतात. हाँगकाँगमधले मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये अ‍ॅनोरेक्सियाच्या ७० रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना लठ्ठपणाची भीती नव्हतीच. ‘पोट फुगतं’, ‘भूकच नाही’, ‘घशाखाली उतरत नाही’, अशी त्यांची भाषा. भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. ते आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जातात आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल घेऊन घरी येतात. मुलगे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतात.

मग बोलायचं कसं? इथे दारूच्या व्यसनावरच्या उपचारांतून आलेली एक गोष्ट उपयोगी पडते. १९८३ मध्ये विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की दुविधेत असलेल्या माणसाशी वाद घातला, की तो आपसूक दुसरी बाजू लढवू लागतो आणि आपलाच युक्तिवाद ऐकून अधिक ठाम होतो. आई म्हणते, ‘किती वाळलीस बघ.’ मुलगी म्हणते, ‘मैत्रिणी माझ्याहून बारीक आहेत.’ झालं, आता ती बाजू तिची. म्हणून वाद टाळून तिचंच म्हणणं तिच्याकडून ऐकायचं. या पद्धतीने अ‍ॅनोरेक्सिया बरा होतो असा दावा कुणी करू नये. दार किलकिलं करण्यापुरता तिचा उपयोग.

त्यासाठी बोलणं ताटाभोवती नको, आणि जेवणाच्या वेळी तर नकोच. शरीराच्या दिसण्यावर काहीही बोलू नये. ‘आता जरा बरी दिसतेस’ हेही नाही, कारण तिला ते ‘जाड झालीस’ असं ऐकू येतं. तिला स्वतःला काय खुपतंय तिथून सुरुवात करावी. बहुतेकींना काहीतरी खुपत असतंच: झोप लागत नाही, केस गळतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, सारखी थंडी वाजते. ‘तुला ईटिंग डिसऑर्डर (खाण्याशी निगडित मानसिक आजार) आहे, आपण सायकियाट्रिस्टकडे जातोय’ याऐवजी म्हणावं, ‘मागच्या आठवड्यात जिन्यात तुला दोनदा घेरी आली. मला भीती वाटली. शनिवारी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे बीपी आणि रक्त तपासून येऊ, मी सोबत येते.’ यात खोटं काही नाही, लेबल नाही आणि पाऊल एकच आहे. ‘नाही’ आलं तर भांडण न करता विषय मिटवावा आणि चार दिवसांनी पुन्हा काढावा. फसवून, ‘बाजारात चल’ म्हणून दवाखान्यात नेऊ नये. ती एक भेट मिळेल, पुढची मिळणार नाही.

लंडनमध्ये अनेक वर्षं अशा रुग्णांवर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ जॅनेट ट्रेझर यांनी घरच्यांच्या वागण्याला प्राण्यांची नावं दिली आहेत. पिल्लाला पिशवीत घालून जगापासून जपणारा कांगारू. युक्तिवादाचं शिंग रोखून धावणारा गेंडा. वाळूत डोकं खुपसणारं शहामृग, जे आपल्याकडे बरेचदा वडिलांच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेलं असतं. रडून रडून विरघळणारा जेलीफिश. त्या सुचवतात तो डॉल्फिन: कधी पुढे पोहून वाट दाखवायची, कधी शेजारून, कधी मागून हलकेच ढकलायचं. एकाच घरात आई गेंडा आणि बाबा शहामृग असले, तर आजाराचं फावतं. म्हणून मुलीशी बोलण्याआधी मोठ्यांनी आपसात बोलून एक वाक्य ठरवावं. आजीलाही त्यात घ्यावं, नाहीतर ती दुपारी गुपचूप सांगते, ‘जाऊ दे, नको खाऊस.’

मुलगी किंवा मुलगा शाळकरी वयाचा असेल, तर त्याच्या होकाराची वाट बघत बसायचं कारण नाही. गल यांचं वाक्य १९८७ मध्ये लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयातल्या गटाने जवळपास उलटं करून दाखवलं. त्यांच्या ८० रुग्णांच्या अभ्यासात, आजार १९ वर्षांच्या आत सुरू झालेल्या आणि तीन वर्षांहून कमी काळ असलेल्या रुग्णांना एकट्याने घेतलेल्या समुपदेशनापेक्षा कुटुंबासह केलेल्या उपचारांचा जास्त फायदा झाला. पुढे घडत गेलेल्या पद्धतीत सुरुवातीला काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणि तब्येत सुधारेल तसा ताबा मुलीकडे परत देतात. २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात १२१ किशोरवयीन रुग्ण होते. उपचार संपल्यावर वर्षभराने कुटुंबासह उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्याने घेतलेल्यांपैकी २३ टक्के. निम्मे बरे झाले नाहीत हेही त्यातच आलं. पण घरच्यांना बाकावरून आत बोलावण्याइतका हा फरक नक्कीच मोठा आहे.

‘तज्ज्ञांच्या देखरेखीखाली’ हे शब्द मी उगाच लिहिलेले नाहीत. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदय अडखळू शकतं. युद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये हे दिसलं होतं. तेव्हा एकदाची ‘हो’ म्हणाली म्हणून त्याच रात्री तूप-भात आणि शिऱ्याचा मारा करू नये.

सज्ञान व्यक्तीचं गणित वेगळं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार निर्णय तिचा असतो. तिच्या जिवाला गंभीर धोका असेल आणि स्वतंत्र तपासणीत तज्ज्ञांची तशी खात्री पटली, तरच संमतीशिवाय मर्यादित काळासाठी दाखल करता येतं. पण काही खुणा दिसल्या की पटवणं-बिटवणं बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं: बेशुद्ध पडणं, छातीत धडधड, नाडी फार मंद होणं, पाणीही न घेणं, वारंवार उलट्या, जीव द्यायच्या गोष्टी. अ‍ॅनोरेक्सिया हा सर्वाधिक जीवघेण्या मानसिक आजारांपैकी एक आहे, आणि त्यातले सुमारे पाचातले एक मृत्यू आत्महत्येचे असतात. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि तो फोन घरच्यांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.

पहिल्या भेटीत काय होतं, ते तिला आधी सांगून ठेवावं. आडवं झोपून आणि उभं राहून नाडी व बीपी, ईसीजी, रक्तातली क्षारांची तपासणी, आणि वजन. बहुतेकींची भीती या शेवटच्या शब्दापाशी अडलेली असते. डॉक्टरांना आधी फोन करून विचारा, काट्याकडे पाठ करून उभी राहिली आणि आकडा मोठ्याने वाचला नाही तर चालेल का. बरेच डॉक्टर हो म्हणतात. मग शनिवारी निघताना तेवढंच सांगा: आकडा तुला कुणी सांगणार नाही, मी विचारून ठेवलंय.