अकरावी विज्ञान प्रवेश: पात्रता, विषयांची निवड, कागदपत्रे आणि ऑनलाइन अर्ज

दहावीचा निकाल लागला की घराघरात पहिला प्रश्न असतो, कॉलेज कोणते? माझे सांगणे असे, की त्याआधी विषय ठरवा. बारावीच्या गुणपत्रिकेवर जो विषय नाही, त्याच्या जोरावर पुढचा प्रवेश मिळत नाही, मग कॉलेज कितीही नावाजलेले असो. ही माहिती महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञान शाखेची आहे.

पात्रता साधी आहे. मान्यताप्राप्त मंडळाची दहावी उत्तीर्ण असावी लागते, मग ती राज्य मंडळाची असो, सीबीएसईची की आयसीएसईची. गुणवत्ता यादी पाच सर्वोत्तम विषयांच्या 500 पैकी गुणांवर लागते. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला बसता येते, पण प्रवेशाच्या नियमित फेऱ्या झाल्यावर जागा उरल्या तरच, आणि राहिलेले विषय सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

विषय कोणते घ्यावेत?

बारावीला सहा विषय, 600 गुण. इंग्रजी सक्तीचे. दुसरी जागा मराठी, हिंदी, संस्कृत अशा भाषेची; अनेक मुले तिथे माहिती तंत्रज्ञान घेतात. उरलेल्या चार जागांवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र घेतले तर त्याला पीसीएमबी म्हणतात. गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक सोडून भूगोल, मानसशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असा विषयही घेता येतो. मात्र तो त्या कॉलेजात शिकवला जातो का, हे पसंतीक्रम भरण्याआधीच विचारून घ्या. शासनाच्या यादीत विषय असतो, कॉलेजात शिक्षक नसतो, असे घडते.

आता पुढचे दरवाजे पाहा. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेच. तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र चालतो, तांत्रिक व व्यावसायिक विषयही चालतो. या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. वैद्यकीयसाठी ‘नीट’ (NEET) ही प्रवेश परीक्षा आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र; तिथे ही मर्यादा 50 आणि 40 टक्के आहे. फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरते. डॉक्टर की इंजिनिअर हे पंधराव्या वर्षी ठरत नसेल तर चारही विषय घ्यावेत, हे माझे मत. अभ्यास जास्त पडतो, हे खरे. पण ज्या मुलीला गणिताची खरोखर धास्ती आहे आणि जीवशास्त्र आवडते, तिच्यावर गणित लादू नका.

बायफोकलबद्दल पालकांना फार कमी सांगितले जाते. यात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून त्यांच्याऐवजी 200 गुणांचा एक व्यावसायिक विषय घेतात: इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स आणि असे आणखी काही. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलांसाठी हा उत्तम पर्याय आहे. धोका एवढाच, की कॉम्प्युटर सायन्ससाठी जीवशास्त्र सोडले की नीटचा रस्ता बंद होतो. नंतर जीवशास्त्राची वेगळी परीक्षा देऊन तो उघडणे हा मोठा वळसा आहे. बायफोकलच्या जागा कशा भरल्या जातात, हे कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारा.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला 70 गुण लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाला असतात. म्हणून कॉलेज पाहायला गेलात तर इमारतीआधी प्रयोगशाळा पाहा. नाव कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासला, अशी सोय अनेक ठिकाणी करून दिली जाते. अशा मुलांनी दोन वर्षांत परीक्षानळी नीट हातात धरलेली नसते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. विज्ञान शाखा घ्यायची आणि प्रयोगच करायचे नाहीत, यात मुलांचेच नुकसान आहे.

अर्ज कसा भरायचा?

2025-26 पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने प्रवेश होऊ लागले. त्याआधी ते मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर आणि अमरावती या भागांपुरते होते. त्या वर्षी नोंदणी शुल्क 100 रुपये होते. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, दहावीचे गुण, आरक्षण आणि कागदपत्रे. दुसऱ्या भागात कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 10 पसंती. एकाच कॉलेजची शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार बदलला की कोड बदलतो. अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकडीच्या शुल्कात मोठा फरक असतो, त्यामुळे कोड दोनदा तपासा.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या किंवा त्याखालच्या पसंतीचे मिळाले तर पुढच्या फेरीची वाट पाहता येते. म्हणून मैत्रिणीने भरले म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नका.

कोट्यातील जागा वेगळ्या असतात: संस्थांतर्गत (त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्या मुलांसाठी) 10 टक्के, व्यवस्थापन 5 टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांत अल्पसंख्याकांसाठी 50 टक्के.

कागदपत्रे

दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांनाच लागतो. आरक्षण हवे असेल तर जातीचा दाखला. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना त्याबरोबर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. आर्थिक दुर्बल घटकासाठी त्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र. दिव्यांग, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, बदली झालेल्या कर्मचाऱ्यांची मुले यांनी आपापला पुरावा जोडावा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे जुना दाखला निकालाच्या आधीच तपासा. जून महिन्यात सेतू केंद्रावर रांगा लागतात. शाळेचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो, तेव्हा त्याच्या दोन-तीन छायाप्रती आधीच काढून ठेवा.

जात पडताळणी अकरावीच्या प्रवेशाला मागत नाहीत, म्हणून ती मागे पडते. बारावीनंतर अभियांत्रिकी, वैद्यकीय, फार्मसीच्या राखीव जागेसाठी मात्र ते प्रमाणपत्र लागते. आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदी, महसुली कागद, वंशावळ गोळा करायला कित्येकदा महिने जातात. विज्ञान शाखेच्या मुलांना कॉलेजमार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो. अनुसूचित जमातींसाठी तपासणी समिती वेगळी आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हाच जुने दाखले शोधायला घ्या.