खत घातलं की मरणारं झाड

साउथ आफ्रिकेच्या क्रिकेट टीमला प्रोटिआज का म्हणतात हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं, नंतर कळलं की ते तिकडचं राष्ट्रीय फूल, किंग प्रोटिआ. केपच्या डोंगरउतारावरचं सदाहरित झुडूप, फूल 30 सेंमीपर्यंत रुंद म्हणजे जवळजवळ जेवणाच्या ताटाएवढं. आपण पाकळ्या समजतो ती खरंतर रंगीत पानंच, बोगनवेलीसारखी, खरी फुलं मधे गच्च दाटीत असतात. बागेत लावतात आणि कट फ्लॉवर म्हणून जगभर विकतातही.

मजा आहे ती मुळांत. तिथली माती रेताड, आंबट, स्फुरद (म्हणजे फॉस्फरस) जवळपास नाहीच. मग हे झाड वरच्या थरात बारीक मुळांचे घोस काढतं, अगदी बाटली धुवायच्या ब्रशसारखे, ते आम्ल सोडतात आणि मातीला चिकटून बसलेला स्फुरद सुटा करून ओढून घेतात. पण उपाशी घरातल्याला ताटाला नाही म्हणायची सवय कुठून असणार, स्फुरद जास्त मिळाला तरी ओढतच राहतं आणि त्याचंच विष होतं. पानं पिवळी पडतात, कडा करपतात, आपल्याला वाटतं खत कमी पडलं म्हणून आपण अजून मूठभर डीएपी, म्हणजे स्फुरदाचंच खत, टाकतो, झालं, खेळ खल्लास! बोनमील म्हणजे हाडांचा चुराही नको, त्यातही स्फुरदच. मुळं वरच असल्याने खुरपणीही नको, नुसतं आच्छादन घाला. पाणी साचलं तर मूळकूज ठरलेली.

आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत तर ह्याचा निभाव लागणं कठीणच. ह्याच्या नात्यातल्या पिनकुशन नावाच्या फुलझाडाची एक जात मात्र मुळातच चुनखडीवर वाढते, म्हणून तिच्या खुंटावर बाकीच्या पिनकुशनची कलमं करतात. आणि हो, रस्त्याकडेचा आपला सिल्व्हर ओक ह्याच कुळातला बरं का, ओक वगैरे काही नाही तो.

कापलेल्या प्रोटिआचं दुखणं वेगळंच, फूल टवटवीत आणि पानं काळी ठिक्कर. फुलात मध भरपूर बनतो, त्याला लागणारी साखर पानांतून खेचली जाते, आणि खोक्यातल्या अंधारात पानांना नवीन साखर बनवता येत नाही. म्हणून घरी आणल्यावर पाण्यात थोडी साखर घालून उजेडात ठेवायचं. सुकलं तरी आकार मोडत नाही, माझ्याकडचं एक फूल दोन वर्षांपासून शोकेसवर आहे, धूळ तेवढी झटकावी लागते.