धातुआयन पातळी (धातूवर-धातू खुबासांधा)

कृत्रिम खुब्याचा गोळा आणि वाटी ही दोन्ही कोबाल्ट-क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रधातूची असली, तर घर्षणाने व गंजण्याने त्यांच्यातून अतिसूक्ष्म कण आणि आयन सुटतात. रक्तातील कोबाल्ट व क्रोमियमच्या या प्रमाणास धातुआयन पातळी म्हणतात. ती दर लिटरला मायक्रोग्रॅममध्ये मोजतात.

या सांध्याचा उगम कोठे मानावा यावर एकमत नाही. फिलिप वाइल्स यांनी लंडनमध्ये १९३८च्या सुमारास स्टेनलेस स्टीलचा सांधा बसवला होता. तथापि आजच्या मिश्रधातूची परंपरा १९६०च्या दशकातील मकी-फरार सांध्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. इंग्लंडचे शल्यविशारद जॉन चार्नली यांच्या प्लास्टिकच्या वाटीने तो मागे पडला. पुढे १९९०च्या दशकात बर्मिंगहॅमचे डेरेक मॅकमिन यांच्या पृष्ठरोपणाने (हाडाचा गोळा न कापता त्यावर धातूची टोपी बसवण्याने) त्याला पुन्हा चलन मिळाले. ऑगस्ट २०१० मध्ये डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर-धातू सांधा जगभरातून मागे घेण्यात आला.

खरा वाद मर्यादेचा आहे. ब्रिटनच्या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने २०१० मध्ये ७ मायक्रोग्रॅम हा आकडा सुचवला. त्यापुढे पातळी गेल्यास तीन महिन्यांनी फेरचाचणी करावी, असा सल्ला होता. ही विषबाधेची सीमा नव्हे, हे रुग्णाला आवर्जून सांगायला हवे. २०११च्या एका ब्रिटिश अभ्यासात या मर्यादेने बिघडलेल्या सांध्यांपैकी केवळ ५२ टक्के ओळखता आले. मर्यादा ५च्या जवळ आणल्यावर ६३ टक्के. म्हणून रुग्णाची पातळी मर्यादेखाली असली तरी दुखणाऱ्या खुब्याची तपासणी थांबवू नये, हेच मत ग्राह्य धरावेसे वाटते. पातळी वाढण्यात वाटीचा जास्त उभा कल, पृष्ठरोपणातील लहान गोळा, दोन्ही बाजूंचे सांधे आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा वाटा असतो.

नमुना घेण्याची पद्धत निर्णायक ठरते. पोलादी सुईतही क्रोमियम असते. त्यामुळे प्लास्टिकची नळी शिरेत ठेवून रक्ताचे पहिले काही मिलिलिटर बाजूला काढतात आणि उरलेले रक्त धातुमुक्त नळीत घेतात. पूर्ण रक्त व रक्तरस (सीरम) यांचे आकडे एकमेकांशी सरळ ताडता येत नाहीत.

सांध्याभोवती ऊतिनाश व गाठसदृश सूज (छद्म-अर्बुद) आढळते. कोबाल्ट फार वाढल्यास हृदय, श्रवण, दृष्टी व अवटू (थायरॉइड) ग्रंथी बाधित झाल्याच्या नोंदी आहेत. क्वेबेकमध्ये १९६०च्या दशकात कोबाल्टयुक्त बिअर पिणाऱ्यांना झालेला हृदयविकार हे त्याचे जुने उदाहरण.

भारतातही एएसआर सांधे बसवले गेले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबाबत तक्रार नोंदवली, तर केंद्रीय समितीने २०१८ मध्ये रुग्णांना किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली.