स्नीकर आणि स्नीकरच्या जाहिराती (नाशिकच्या संदर्भासह)

स्नीकर : रबरी किंवा फोमचा लवचीक तळ आणि कापड, कातडे वा कृत्रिम धाग्याचा वरचा भाग असलेला बूट. मुळात खेळासाठी तयार झालेला हा बूट आज बहुतेक वेळा न खेळणाऱ्यांच्याच पायात दिसतो. याचे श्रेय कारखान्याइतकेच, किंबहुना अधिक, जाहिरातीला द्यावे लागते. नाशिक जिल्ह्यात हा फरक ठळकपणे जाणवतो. येथे अनवाणी पायांनी सुरुवात करून आंतरराष्ट्रीय पदकांपर्यंत पोहोचलेली धावपटू घडली, आणि येथेच कॉलेज रोडवर धावण्याशी काडीचा संबंध नसलेले धावण्याचे बूट मिरवले जातात.

चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधली. उन्हात न वितळणारा आणि थंडीत न तडकणारा तळ त्यामुळे शक्य झाला. कॉन्व्हर्स या अमेरिकी कंपनीने १९१७ मध्ये बास्केटबॉलसाठी ‘ऑल स्टार’ हा कॅनव्हासचा बूट काढला. चक टेलर हा खेळाडू पुढे या कंपनीचा विक्रेता झाला. तो गावोगाव फिरून मुलांना बास्केटबॉल शिकवी आणि शिकवता शिकवता बूट खपवी. कालांतराने त्याची सहीच बुटाच्या घोट्यावरील गोल चिन्हात आली. बर्लिन ऑलिंपिकमध्ये (१९३६) अमेरिकी धावपटू जेसी ओवेन्स याने जर्मनीतील डासलर बंधूंचे बूट वापरले होते. पुढे या भावांचे बिनसले. थोरल्या रुडॉल्फने पुमा काढली, धाकट्या अडॉल्फने आदिदास, आणि एका घरातले भांडण जगभरच्या मैदानांवर खेळले जाऊ लागले.

जाहिरातीला खरे वळण मिळाले ते १९८० च्या दशकात. नायकीने १९८४ मध्ये मायकेल जॉर्डन या नवख्या बास्केटबॉलपटूशी करार केला. त्याचे काळे-लाल बूट संघाच्या बुटांशी जुळत नाहीत म्हणून एनबीए या व्यावसायिक लीगने हरकत घेतली. कंपनीने ती हरकतच विकायला काढली. जाहिरातीत कॅमेरा जॉर्डनच्या चेहऱ्यावरून सावकाश बुटांपर्यंत उतरतो, बुटांवर काळ्या पट्ट्या पडतात आणि निवेदक सांगतो की एनबीए तुम्हाला मात्र अडवू शकत नाही. हरकत नेमकी याच जोडावर होती की आधीच्या दुसऱ्या एका, यावर संग्राहक अजून वाद घालतात. खपाला त्याने काही फरक पडला नाही.

नायकीच्या ‘जस्ट डू इट’ मोहिमेच्या (१९८८) सुरुवातीच्या एका चित्रफितीत ८० वर्षांचे वॉल्ट स्टॅक गोल्डन गेट पुलावरून धावताना दिसतात. थंडीत दात वाजू नयेत म्हणून मी ते लॉकरमध्येच ठेवून येतो, असा विनोद ते करतात. बुटाविषयी चकार शब्द नाही. याच सुमारास न्यूयॉर्कच्या रन-डीएमसी या रॅप गटाने आदिदासवर गाणे केले (१९८६). मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रमात प्रेक्षकांनी पायातले बूट काढून उंच धरले, तेव्हा तेथे हजर असलेल्या कंपनीच्या माणसाला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही. करार झाला. खेळाडू नसलेल्यांनीही स्नीकर विकता येतो, हे त्यानंतर सर्वमान्य झाले.

भारतात कॅनव्हासचा बूट आला तो शाळेच्या वाटेने. बाटाचे पांढरे बूट, शनिवारची सकाळची शाळा, कवायत, आणि आदल्या रात्री बुटांना फासलेले पांढरे पॉलिश किंवा ओला खडू ही महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांची ओळखीची गोष्ट आहे. त्या बुटाला कोणी हौसेची वस्तू मानले नाही. गणवेशाचा तो एक भाग होता. परदेशी कंपन्या १९९० च्या दशकाच्या मध्यास आल्या आणि बूट हा हट्टाचा विषय झाला.

भारतातली सर्वांत गाजलेली स्नीकरची जाहिरात मात्र यांपैकी कोणाचीच नव्हती. टफ शूजच्या १९९५ मधील छायाचित्रात मिलिंद सोमण आणि मधू सप्रे या मॉडेलांच्या अंगावर बूट आणि एक अजगर याखेरीज काही नव्हते. मुंबईत अश्लीलतेचा खटला भरला गेला, अजगरापायी वन्यजीव संरक्षण कायद्याचाही मुद्दा निघाला, आणि निर्दोष सुटकेसाठी २००९ उजाडावे लागले. चित्र लोकांच्या लक्षात राहिले, बुटाचे नाव फारसे नाही. जाहिरात म्हणून हे यश की अपयश, हे ठरवणे अवघड आहे. पुढे सोमण प्रसिद्ध झाले ते अनवाणी लांब पल्ला धावणारे म्हणून.

आसामची धावपटू हिमा दास हिची गोष्ट याच्या उलट टोकाची. सुरुवातीच्या साध्या बुटांवर तिने हाताने ‘आदिदास’ लिहिले होते. २०१८ मध्ये त्याच कंपनीने तिच्याशी करार केला आणि तिचे नाव छापलेले बूट तिला दिले. कंपनीच्या कोणत्याही लेखकाला सुचली नसती अशी ही जाहिरात आहे.

नाशिकच्या बाबतीत पहिले नाव कविता राऊत हिचे घ्यावे लागते. हरसूल परिसरातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची ही मुलगी सुरुवातीला अनवाणीच धावत असे. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली ती घडली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत याच अंतरासाठी रौप्यपदक मिळवले. वृत्तपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव दिले. जॉर्डनच्या तोडीची कथा येथे तयार होती. तिच्यावर बूट मात्र निघाला नाही.

नाशिकच्या पायांचे सर्वांत जास्त पाहिले गेलेले चित्र जाहिरातीतले नाहीच. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किमी चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला, तेव्हा सोललेल्या तळव्यांची आणि तुटलेल्या चपलांची छायाचित्रे देशभर पसरली. मुंबईकरांनी रस्त्यात पाण्याबरोबर चपलाही वाटल्या.

शहरात बुटांची जुनी बाजारपेठ मेन रोड आणि शालिमार भागात आहे. कंपन्यांची झगमगती दुकाने कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि मॉलमध्ये. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर दोन्हींची गिऱ्हाइके भेटतात. वजन उतरवायला निघालेल्यांच्या पायात महागडा जोड असतो, आणि पोलीस भरतीच्या १,६०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलांच्या पायात शिवून पुन्हा वापरलेला. त्यांतले पुढे कोण असते, ते सांगायला नको.

महाग बुटाला गावाच्या रीतींशीही जुळवून घ्यावे लागते. देवळाबाहेर चपलांचा एक पाय इकडे आणि दुसरा तिकडे ठेवण्याची जुनी युक्ती आता स्नीकरलाही लावतात. पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेली काही मुले ते सरळ स्कूटरच्या डिकीत कोंबतात आणि तापलेल्या फरशीवर उड्या मारत रांगेत जातात.

ब्रँडचे चिन्ह हवे पण किंमत झेपत नाही, अशांसाठी ‘फर्स्ट कॉपी’चा, म्हणजे हुबेहूब नकली मालाचा, धंदा आहे. इतर शहरांप्रमाणे नाशिकमध्येही तो फुटपाथवर चालतो तसाच इन्स्टाग्रामवरही. या विक्रेत्यांना जाहिरातीवर फारसा खर्च करावा लागत नाही. जॉर्डन किंवा विराट कोहलीवर मूळ कंपन्यांनी ओतलेल्या पैशावरच त्यांचा माल उठतो. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार असा माल बनवणाऱ्यास वा विकणाऱ्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नुसत्या वापरणाऱ्यासाठी त्यात शिक्षा नाही.