घरावर झाड पडलं तर: आधीचा अर्ज, नंतरचा अर्ज आणि कागदांची पिशवी

मे महिन्यात आपल्याकडं गोव्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लगबग असते. मिरच्या, सोलां, सुकी मासळी डब्यांत जाते, घर शाकारून होतं. त्याच दिवसांत एक जाड प्लास्टिकची पिशवी कागदांनी भरून ठेवा, असं मी भेटेल त्याला सांगतो. वादळानंतरचे मदतीचे अर्ज बहुतेक वेळा एखाद्या साध्या कागदावरच अडतात.

गोव्यात वादळ म्हणजे मुख्यतः झाड. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून वर सरकलं तेव्हा झाडं आणि विजेचे खांब एकमेकांवर पडले, कित्येक गावांत काही दिवस वीज नव्हती. त्याच वर्षी जुलैत सत्तरी, डिचोलीत पुराचं पाणी घरांत शिरलं. पण दरवर्षी न चुकता होतं ते एवढंच: रात्री वारा सुटतो आणि भाटातला, म्हणजे बागेतला, माड किंवा फणस कुणाच्या तरी रांधपावर, स्वयंपाकघरावर येतो.

म्हणून पहिला अर्ज झाड उभं असतानाचा. झाड तुमच्याच जमिनीत असलं तरी ते तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळं वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. माडसुद्धा यातून सुटलेला नाही. २०१६ साली त्याला या कायद्यातून वगळलं होतं, मग ओरड झाली आणि तो परत आत आला. अर्जाला एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्काचा उतारा), सर्व्हे प्लॅन आणि सहहिस्सेदारांची संमती जोडा. उताऱ्यावर अजून आजोबा आणि त्यांचे चार भाऊ असतील, तर या संमतीतच महिना जातो. फेब्रुवारीत सुरुवात केलेली बरी.

झाड दुसऱ्याचं, म्हणजे बहुधा भाटकाराचं (जमीनमालकाचं), आणि भाटकार मुंबईत नाहीतर पोर्तुगालात असेल, तर वाट वेगळी. उपजिल्हाधिकारी हे उपविभागीय दंडाधिकारीही असतात. पडू पाहणारं झाड किंवा भिंत काढायचा आदेश ते मालकाला देऊ शकतात. पूर्वी हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ मध्ये आहे. अर्ज एका पानाचा पुरे. झाड कोणतं, कुठल्या बाजूला झुकलंय, बुंध्याला पोकळी आहे का, घरापासून किती मीटरवर आहे, त्या बाजूच्या खोलीत कोण झोपतं, एवढं लिहा. दोन फोटो जोडा, एक प्रत पंचायतीला द्या. आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उद्या झाड खरंच पडलं, तर धोका आधीच कळवला होता हे दाखवणारा तोच कागद.

आता झाड पडल्यानंतरचं. तुटलेल्या तारेच्या जवळ जाऊ नका, वीज खात्याला १९१२ वर कळवा. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२. दलाची माणसं येईपर्यंत फोटो काढा, आणि कुऱ्हाड लागायच्या आधी काढा. आमच्या वाड्यावर एका घरावर फणस पडला. पोरांनी उत्साहानं सकाळपर्यंत तो तोडून, फांद्या कुंपणापाशी रचून, वर निळं प्लास्टिक घालून दिलं. तिसऱ्या दिवशी तलाठी आले तेव्हा पाहायला होतं लाकडांचा ढीग आणि एक प्लास्टिक. शेजारच्या मुलीनं मोबाइलवर काढलेला एक फोटो कामी आला. त्यात मोडलेल्या वाशांखाली रगडो, म्हणजे वाटायचा दगड, होता आणि मागं भिंतीवर कॅलेंडरचं पान. त्या पानामुळं महिना तरी पक्का झाला.

अर्ज तालुक्याच्या मामलेदारांकडं जातो, तलाठी जागेवर येऊन पंचनामा करतात. सोबत आधार, घरपट्टीची चालू वर्षाची पावती, वीजबिल, एक-चौदाचा उतारा, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि फोटो लावा. अग्निशमन दल येऊन गेलं असेल, तर त्यांच्या अहवालाची प्रत मागून घ्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. 'काही कौले फुटली' आणि 'सुमारे २०० कौले, ४ वासे, छपराची एक पाटी मोडली' यांत रकमेचा फरक पडतो.

पैसे किती? आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार, सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये. अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये, तेही किमान १५ टक्के नुकसान असेल तरच. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००, दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५००. माणूस गेला तर वारसांना ४ लाख. राज्य स्वतःच्या तिजोरीतून यात भर घालू शकतं. पण साडेसहा हजारांत छप्पर उभं राहत नाही. सरकारी भाषेतही ही 'मदत' आहे, भरपाई म्हणून तिच्याकडं पाहू नका.

याच निकषांत एक ओळ आहे जिच्यावर गोव्यातली घरं अडतात: घर अधिकृत असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला हवा. पंचायत घरपट्टी घेते म्हणून घर अधिकृत ठरत नाही, हे अनेकांना पंचनाम्याच्या दिवशी कळतं. मुंडकारांनी, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांनी, १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदारांकडं आपली नोंद झाली आहे का, ते आत्ताच पाहावं. जमीन भाटकाराच्या नावावर असली तरी त्या नोंदीनं घर तुमचं असल्याचं दाखवता येतं. कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या सामुदायिक, जमिनीवर घर असलेल्यांनी २०२५ मध्ये सुरू झालेल्या, घरं कायदेशीर करण्याच्या 'म्हजें घर' योजनेत आपण बसतो का, याची चौकशी करावी.

शेतकऱ्यांचं खातं वेगळं. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळाच्या दिवसांत कापणीला आलेलं भात पाण्यात आडवं झालं होतं. अशा नुकसानीसाठी शेतकरी आधार निधीचा अर्ज विभागीय कृषी कार्यालयात द्यायचा, ज्याला सगळे झोनल ऑफिस म्हणतात. कृषी खात्याचं कृषी कार्ड नसेल तर गाडी तिथंच थांबते. होडी-जाळ्यांसाठी मत्स्योद्योग खात्याकडची होडीची नोंदणी लागते.

विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावीच लागते. तिच्यात वादळ, पूर, वीज पडणं आणि घरावर झाड पडणंही येतं.

पिशवीत या सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. आणि आज रात्रीच आधार, पासबुक आणि घरपट्टीची पावती शेजारी शेजारी ठेवून नावं वाचा. एकावर 'शांताबाई' आणि दुसऱ्यावर 'शांता' असेल, तर उद्या सकाळी पहिली फेरी बँकेत.